दोन अक्षरांचे वाचन : इस्ट्रोजेन-ग्राहीच्या इतिहासातील काही पाठ

जिंतूरसारख्या तालुक्याच्या गावी महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या माणसाकडे लोक केवळ कविता समजावून घ्यायला येतात असे नाही. सातबाऱ्याचा उतारा, बँकेची नोटीस, कोर्टाचे समन्स, दवाखान्यातला कागद, यांपैकी काहीही घेऊन ते येतात. 'सर, तुम्ही शिकलेले. एवढं वाचून सांगा' हे वाक्य आम्हां सहकाऱ्यांच्या चांगलेच परिचयाचे आहे. काही वर्षांपूर्वी आमचा एक जुना विद्यार्थी आपल्या आईचे दोन अहवाल घेऊन आला. स्तनातील गाठीचा तुकडा एकच, त्यापासून बनवलेला मेणाचा ब्लॉकही एकच; पण तपासणी दोन ठिकाणी झालेली. पहिल्या कागदावर 'ई.आर.' या दोन अक्षरांपुढे 'निगेटिव्ह' असे छापलेले होते, दुसऱ्यावर त्याच दोन अक्षरांपुढे 'पॉझिटिव्ह'. त्याने विचारले, "सर, ह्यातला खरा कोणता?"

आम्ही त्याला डॉक्टरांकडेच पाठवले आणि तेच योग्य होते. पण प्रश्न मनातून जाईना. एकाच संहितेची दोन वाचने आणि दोहोंपैकी एक चुकीचे, ही परिस्थिती साहित्याच्या अभ्यासकाला अनोळखी नाही. फरक इतकाच, की आमच्या वर्गात चुकीच्या वाचनाने फार तर चार गुण जातात. म्हणून ही दोन अक्षरे कोठून आली, त्यांच्यामागे कोणती वस्तू आहे आणि ती वस्तू वाचायला माणूस कसा शिकला, याचा शोध आम्ही आमच्या कुवतीनुसार घेतला. त्याचे फलित येथे मांडत आहोत.

ई.आर. म्हणजे इस्ट्रोजेन-ग्राही. इस्ट्रोजेन हे स्त्रीच्या अंडाशयात तयार होणारे संप्रेरक. ग्राही म्हणजे त्या संप्रेरकाला पेशीत धरून ठेवणारे प्रथिन. आपल्या शालेय पुस्तकांनी या विषयासाठी जे शब्द रूढ केले, ते साहित्याच्या माणसाला थबकवणारे आहेत. डीएनएवरील मजकूर आरएनएच्या रूपात उतरवून घेण्याला 'प्रतिलेखन' म्हणतात. त्या आरएनएवरून प्रथिन बनण्याला 'भाषांतरण' म्हणतात. आणि जनुक कामाला लागून त्याचे फळ दिसू लागले, की ती जनुकाची 'अभिव्यक्ती' होय. लेखन, भाषांतर, अभिव्यक्ती : आमच्या अभ्यासक्रमातील निम्मी प्रकरणे येथे हजर आहेत. ही केवळ शब्दांची गंमत आहे, की या रूपकांत काही तथ्य आहे, हा प्रश्न या लेखाच्या शेवटी पुन्हा येईल.

इतिहासाची सुरुवात ग्लासगोपासून करावी लागते. जॉर्ज बीटसन या शल्यविशारदाने १८९५ साली स्तनाचा कर्करोग बळावलेल्या एका तरुण स्त्रीची अंडाशये काढून टाकली, आणि गाठी विरत गेल्याचे पाहिले. १८९६ मध्ये त्याने हा अनुभव 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला. त्या वेळी 'हॉर्मोन' हा शब्दही अस्तित्वात नव्हता. तो अर्नेस्ट स्टार्लिंगने १९०५ साली लंडनमधील व्याख्यानांत प्रथम वापरला. म्हणजे परिणाम आधी दिसला, नाव नऊ वर्षांनी मिळाले, आणि यंत्रणा समजायला आणखी अर्धे शतक जावे लागले. शिवाय हा उपाय सर्वच स्त्रियांना लागू पडत नसे. साधारणपणे तिघींपैकी एकीला गुण येई; उरलेल्या दोघी शस्त्रक्रियेचा त्रास तेवढा सोसत. कोणाला गुण येणार हे आधी सांगण्याचे साधन नव्हते. आमच्या विद्यार्थ्याच्या हातातील कागदाचे मूळ या अडचणीत आहे.

हे साधन ज्याच्या कामातून निघाले तो एल्वुड जेन्सन मूळचा रसायनशास्त्रज्ञ. १९४७ साली स्वित्झर्लंडमध्ये असताना त्याने मॅटरहॉर्न शिखर सर केले. त्या शिखराची सोपी वाटणारी इटालियन बाजू सोडून अवघड दिसणाऱ्या स्विस बाजूने गेल्यावरच १८६५ साली एडवर्ड व्हिंपरला ते साधले होते. सरळ दिसणारी वाट सोडून दुसरीकडून जावे, हा धडा आपण तेथे घेतला, असे जेन्सन पुढे सांगत असे. १९५०च्या दशकात शिकागोमध्ये सगळे जण एकच प्रश्न विचारत होते : संप्रेरक ऊतीचे काय करते? जेन्सनने प्रश्न उलटा केला : ऊती संप्रेरकाचे काय करते? हर्बर्ट जेकबसन या सहकाऱ्यासह त्याने इस्ट्रॅडिऑलच्या रेणूत किरणोत्सारी हायड्रोजन बसवला आणि वयात न आलेल्या उंदरिणींना त्याची अत्यल्प मात्रा दिली. स्नायूंतून आणि रक्तातून तो लवकरच निघून गेला. गर्भाशयात आणि योनिमार्गात मात्र टिकून राहिला. विशेष म्हणजे त्याच्यात कोणताही रासायनिक बदल झालेला नव्हता. संप्रेरक विकरांच्या क्रियेत स्वतः झिजते, हा त्या काळचा प्रचलित समज येथे ढासळला. गर्भाशयात त्याला धरून ठेवणारे काहीतरी होते.

१९५८ साली व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत जेन्सनने हे मांडले तेव्हा समोर पाचच श्रोते होते, आणि त्यांतले तिघे त्याच सत्रातले पुढचे वक्ते होते, अशी आठवण तो सांगत असे. रिकाम्या खुर्च्यांपुढे निबंध वाचण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला आहे, अशा आमच्या चर्चासत्री वाचकांना या आठवणीने थोडा धीर यावा.

यानंतरच्या एका पानावर एक भारतीय नाव आहे. १९६४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात जी. पी. तलवार, शेल्डन सीगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. तलवार हे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील जैवरसायनशास्त्राचे प्राध्यापक. गर्भाशयात इस्ट्रॅडिऑल बांधले जाणे हीच आरएनएच्या निर्मितीवरील दाब उठण्याची यंत्रणा आहे, असा त्या निबंधाचा मथळ्यातूनच केलेला दावा होता. त्यामागे १९६१ साली फ्रान्समध्ये जेकब आणि मोनो यांनी जिवाणूंच्या जनुकांविषयी मांडलेली कल्पना होती : जनुकावर एक दमनकारी प्रथिन बसलेले असते, आणि ते हलले की जनुक बोलू लागते. तलवार आणि सहकाऱ्यांना वाटले, की ग्राही हाच तो पहारेकरी आणि इस्ट्रॅडिऑल त्याला बाजूला सारते.

आज मागे वळून पाहता हा अर्थ निम्मा बरोबर ठरला. ग्राही आहे, आणि त्याचा संबंध थेट आरएनएच्या निर्मितीशी आहे, हे खरे निघाले. पण ग्राही हा जनुकाच्या तोंडावरून काढायचा हात नव्हता. तो जनुकाला बोलते करणारा होता. विज्ञानाच्या इतिहासात अशी निम्मी बरोबर विधाने आम्हांला पूर्ण बरोबर विधानांपेक्षा अधिक उपयोगी वाटतात, कारण पुढच्या माणसाने नेमके काय तपासायचे ते त्यांच्यामुळे ठरते. १९६६ मध्ये टॉफ्ट आणि गोर्स्की यांनी ग्राही हे प्रथिनच असल्याचे दाखवले. १९७१ मध्ये जेन्सनने दाखवले, की गाठीत ग्राही किती आहे हे मोजून अंडाशये काढण्यासारखे उपाय कोणाला लागू पडतील याचा अंदाज करता येतो. पुढील काही वर्षांत अनेक ठिकाणचे अनुभव एकत्र केले तेव्हा चित्र असे निघाले : ग्राही असलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जणींना गुण येतो, ग्राही नसलेल्यांपैकी दहा टक्क्यांनाही येत नाही. बीटसनचे कोडे पंचाहत्तर वर्षांनी सुटले, आणि कागदावर 'ई.आर.' ही अक्षरे आली.

पण हे प्रथिन काम कसे करते? त्यासाठी आधी त्याची संपूर्ण संहिता हाती यायला हवी होती. ती १९८५-८६ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथील पिएर शांबों आणि शिकागोमधील जेफ्री ग्रीन यांच्या गटांनी मिळवली. ज्या पेशींपासून ती मिळाली, त्यांची हकीकत सांगितली पाहिजे. १९७० साली अमेरिकेच्या मिशिगन राज्यात स्तनाच्या कर्करोगाने आजारी असलेल्या एका जोगिणीच्या, सिस्टर कॅथरीन फ्रान्सिस मॅलन यांच्या छातीत साठलेल्या द्रवातून काही पेशी काढण्यात आल्या. त्या प्रयोगशाळेत वाढत राहिल्या. 'एमसीएफ-७' या नावाने त्या आजही जगभर वाढतात. संप्रेरक-ग्राहीविषयी आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातील फार मोठा भाग या एका संन्यस्त स्त्रीच्या देहातून आला आहे.

मानवी इस्ट्रोजेन-ग्राही ५९५ अमिनो आम्लांचा बनलेला आहे. संहिता हाती आल्यावर शांबों यांच्या गटाने जे केले ते कोणत्याही पाठचिकित्सकाला ओळखीचे वाटेल. माणसाचा ग्राही आणि कोंबडीचा ग्राही ही दोन हस्तलिखिते त्यांनी शेजारी शेजारी ठेवून ओळीने ताडून पाहिली. काही भाग अक्षरशः जुळत होते, काही अगदी वेगळे होते. जे कोट्यवधी वर्षांत बदलले नाही ते महत्त्वाचे असणार, या न्यायाने त्यांनी प्रथिनाचे ए पासून एफ पर्यंत सहा विभाग पाडले. मधला सी विभाग जवळजवळ तंतोतंत जुळणारा. ई विभाग बराचसा जुळणारा. आरंभीच्या भागातील बी मात्र पुष्कळच भिन्न.

आता कोणता विभाग काय करतो हे ठरवायचे. या कामाच्या दोन कळीच्या निबंधांवर, १९८६ आणि १९८७ सालच्या, पहिले नाव विजय कुमार यांचे आहे. पद्धत सोपी आणि निर्दय होती : प्रथिनाचा एकेक तुकडा कापून टाकायचा, उरलेले प्रथिन पेशीत घालायचे आणि जनुक जागे होते का ते पाहायचे. ई विभाग काढला की संप्रेरक धरले जात नाही. सी विभाग काढला की संप्रेरक धरले जाते, पण डीएनए सापडत नाही. सी विभागात जस्ताच्या अणूंभोवती वळलेल्या दोन घड्या आहेत. शास्त्रज्ञ त्यांना 'बोटे' म्हणतात. सी आणि ई यांच्यामधला डी विभाग दोहोंना जोडणारी बिजागरी.

बोटे काय करतात याचा सर्वांत सुंदर पुरावा १९८७ साली स्टीफन ग्रीन आणि शांबों यांनी दिला. त्यांनी इस्ट्रोजेन-ग्राहीची बोटे काढून तेथे कॉर्टिसोलसारख्या संप्रेरकांच्या ग्राहीची, म्हणजे ग्लुकोकॉर्टिकॉइड-ग्राहीची, बोटे बसवली. हे जोडप्रथिन अजूनही इस्ट्रोजेनच्याच हाकेला ओ देत होते, परंतु जागी करत होते ती दुसऱ्याची जनुके. हाक ऐकणारा अवयव वेगळा, पत्ता शोधणारा अवयव वेगळा, हे त्यातून निर्विवाद झाले. बोटे जो पत्ता शोधतात त्याचीही एक मौज आहे. डीएनएच्या एका धाग्यावर ए-जी-जी-टी-सी-ए, मग कोणतीही तीन अक्षरे, मग टी-जी-ए-सी-सी-टी. समोरचा धागा उलट दिशेने वाचला तर पुन्हा तेच शब्द मिळतात. 'रामाला भाला मारा' हे वाक्य उलटसुलट सारखेच, तशातला हा प्रकार. फक्त येथे उलट वाचन दुसऱ्या धाग्यावर करायचे असते. अशी दुतोंडी रचना का? तर ग्राही एकटा येत नाही; दोन ग्राही जोडीने येतात आणि समोरासमोरचा अर्धा अर्धा पत्ता धरतात.

येथवर सर्व छान जुळत होते, पण संहितेत एक चूक होती. ज्या प्रतीवर हे प्रयोग झाले, त्या प्रतीत ४००व्या स्थानी व्हॅलिन हे अमिनो आम्ल होते. मूळ मानवी ग्राहीत तेथे ग्लायसिन असते. प्रत करताना शिरलेला हा पाठभेद होता. त्यामुळे प्रथिन नेहमीच्या शरीर-तापमानाला अस्थिर होई आणि संप्रेरकावरची त्याची पकड ढिली पडे. १९८९ साली त्याच गटाने, लास्झ्लो टोरा यांच्या निबंधात, ही चूक स्वतः जाहीर करून दुरुस्त केली. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ही घटना आम्ही दरवर्षी वर्गात शिकवतो. ५९५ अक्षरांच्या संहितेत एका अक्षराने काय घडते, हे त्या तासाला यापुढे आम्ही अवश्य सांगणार आहोत.

१९८९ सालीच त्या गटाने या प्रथिनाचे सर्वांत महत्त्वाचे रहस्य उलगडले. पत्ता सापडल्यानंतर जनुकाला प्रत्यक्ष जागे कोण करते? उत्तर आले : एक नव्हे, दोन विभाग, आणि ते एकमेकांपासून स्वतंत्र. एक आरंभीच्या ए-बी भागात, त्याला 'एएफ-१' म्हणतात. दुसरा संप्रेरक धरणाऱ्या ई भागात, तो 'एएफ-२'. एएफ-२ संप्रेरक आल्याशिवाय काम करत नाही. एएफ-१ मात्र ई विभाग पुरता कापून टाकला तरी थोडेफार काम करतो. आणि किती, हे पेशीवर अवलंबून असते. हेला नावाच्या मानवी पेशींत एएफ-१ एकट्याने अगदीच क्षीण. कोंबडीच्या भ्रूणातील पेशींत तोच चांगला समर्थ. प्रथिन तेच, अक्षरे तीच. परिसर बदलला की सामर्थ्य बदलते.

एएफ-२ची यंत्रणा १९९०च्या दशकात स्पष्ट झाली. १९९५ मध्ये बर्ट ओ'मॅली यांच्या गटाने ग्राहीला साहाय्य करणारे एक सहकारी प्रथिन शोधले; पुढे अशी अनेक सापडली. १९९७ साली ब्झोझोव्स्की आणि सहकाऱ्यांनी ई विभागाची त्रिमितीय आकृती प्रसिद्ध केली. तिच्यात दिसते ते असे : ई विभागाच्या आत एक खोबण असते. इस्ट्रॅडिऑल तिच्यात बसले, की बाराव्या क्रमांकाचे सर्पिल डब्याच्या झाकणासारखे खोबणीवर येऊन बसते. झाकण बसल्यामुळे बाहेरच्या बाजूला एक नवी पन्हळ तयार होते, आणि त्या पन्हळीत सहकारी प्रथिनाचा एक लहानसा ठरावीक तुकडा चपखल बसतो. हा सहकारी आपल्याबरोबर आणखी प्रथिने घेऊन येतो. त्यांतली काही डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांच्यावर रासायनिक खुणा करून ती गुंडाळी सैल करतात; काही आरएनए घडवणाऱ्या विकराला जागेवर आणून बसवतात. मग प्रतिलेखन सुरू होते. एएफ-१ला मात्र असा ठाम आकार नाही. तो लवचीक असतो, आणि समोर जो सहकारी येईल त्याच्या संगतीने आकार घेतो. परिसरानुसार त्याचे सामर्थ्य का बदलते, याचे उत्तर पुष्कळसे येथे आहे.

आता औषधाकडे. १९६२ साली ब्रिटनमध्ये आयसीआय या कंपनीत डोरा रिचर्ड्सन या रसायनशास्त्रज्ञ स्त्रीने एक संयुग बनवले. हेतू गर्भनिरोधकाचा होता. त्या कामी ते निरुपयोगी ठरले, पण १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये स्तनाच्या कर्करोगावर त्याला मान्यता मिळाली. हे टॅमॉक्सिफेन. ते इस्ट्रोजेनच्याच खोबणीत बसते, परंतु त्याची एक लांब बाजू बाहेर डोकावत राहते, त्यामुळे झाकण बसू शकत नाही. १९९८ साली दिसून आले, की सरकवले गेलेले बारावे सर्पिल थेट सहकाऱ्याच्या पन्हळीतच जाऊन बसते. पाहुण्यासाठी राखलेल्या पाटावर घरचेच पोर बसावे, तसा हा प्रकार. एएफ-२ मुका होतो. एएफ-१ मात्र मोकळाच राहतो. स्तनाच्या पेशींत एएफ-१ एकट्याने फारसे करू शकत नाही, म्हणून तेथे टॅमॉक्सिफेन इस्ट्रोजेनचा विरोधक ठरते. गर्भाशयाच्या अस्तरात मात्र एएफ-१ला अनुकूल सहकारी मिळतात, म्हणून तेथे तेच औषध काही अंशी इस्ट्रोजेनसारखे वागते, आणि त्यामुळे गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढतो. एकाच रेणूचे दोन ठिकाणी दोन परस्परविरुद्ध अर्थ.

याच कुळातील एक औषध आपल्या तालुक्यातही येते, याची फारशी कोणाला कल्पना नसते. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेले सेंटक्रोमन, म्हणजेच ऑर्मेलॉक्सिफेन, १९९१ साली 'सहेली' या नावाने बाजारात आले; आज शासकीय कुटुंबनियोजन कार्यक्रमात ते 'छाया' या नावाने मिळते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर आठवड्यातून एकदा घ्यायची ही गोळी. तीही इस्ट्रोजेन-ग्राहीच्या त्याच खोबणीत बसते, पण टॅमॉक्सिफेनच्या उलट गर्भाशयात विरोधकाचे काम करते. आरोग्यकेंद्रातून छायाची पट्टी घेऊन जाणारी सून आणि टॅमॉक्सिफेनची पट्टी घेऊन येणारी सासू एकाच घरात असू शकतात. दोघींच्या गोळ्या एकाच प्रथिनाशी बोलत असतात.

येथून आमच्या मूळ प्रश्नाकडे वळू. टॅमॉक्सिफेन स्वस्त आहे आणि गावोगावी मिळते. ग्राही असलेल्या रुग्णांनी ते पाच वर्षे घेतले तर मृत्यूचे प्रमाण सुमारे एक-तृतीयांशाने घटते, हे जगभरच्या चाचण्या एकत्र करून २०११ साली पुन्हा दाखवले गेले. ग्राही नसेल तर त्याचा उपयोग नाही. म्हणजे 'निगेटिव्ह' हा शब्द छापणारा माणूस त्या स्त्रीच्या हातातून ही गोळी काढून घेत असतो. शब्द खरा असेल तर ते योग्यच आहे. खोटा असेल तर?

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातून २००० साली ७९८ गाठींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात इस्ट्रोजेन-ग्राही अवघ्या ३२.६ टक्के गाठींत आढळला होता. पाश्चात्त्य देशांत हे प्रमाण दोन-तृतीयांशांहून अधिक असते. भारतीय स्त्रियांना हा आजार तुलनेने कमी वयात होतो आणि कमी वयात ग्राही नसलेल्या गाठींचे प्रमाण अधिक असते, हे काही अंशी कारण होतेच. परंतु २००९ साली त्याच रुग्णालयातील रोगनिदानतज्ज्ञांनी मागील आठ वर्षांच्या नोंदी पुन्हा पाहिल्या, तेव्हा हे प्रमाण निम्म्याच्या वर गेलेले दिसले. दहा वर्षांत स्त्रिया बदलल्या नव्हत्या, वाचन सुधारले होते. हा लेख ज्यासाठी लिहिला ते येथे आहे असे आम्ही समजतो. एका संस्थेने आपलाच जुना आकडा पुन्हा उघडून, तो देहाविषयी किती सांगत होता आणि तपासणीविषयी किती, हे विचारले.

तपासणीत चूक कोठे होते, ते समजायला सोपे आहे. काढलेली गाठ ताबडतोब पुरेशा फॉर्मेलिनमध्ये पडावी लागते, आणि तेथे किमान सहा तास, पण बहात्तर तासांहून अधिक नाही, अशी राहावी लागते. तालुक्याच्या ठिकाणी शस्त्रक्रिया होते, गाठ अखंडच बरणीत टाकली जाते, फॉर्मेलिन अपुरे असते, बरणी एसटीने जिल्ह्याला जाते, मध्ये रविवार येतो. प्रथिन तोवर नासते. पुढे ब्लॉकमधून पातळ काप काढून त्यावर ग्राहीला ओळखणारे प्रतिपिंड सोडतात. ग्राही असेल तर पेशीचे केंद्रक तपकिरी दिसते. त्याआधी फॉर्मेलिनने झाकलेले प्रथिन उष्णतेने पुन्हा उघडे करावे लागते; ते नीट झाले नाही तर ग्राही असूनही रंग चढत नाही. शेवटी उंबरठ्याचा प्रश्न : पूर्वी अनेक प्रयोगशाळा दहा टक्के केंद्रके रंगली तरच 'आहे' म्हणत, २०१० पासून आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना एक टक्का पुरेसा मानतात. एकाच ब्लॉकचे दोन अहवाल कसे निघतात, याचे उत्तर बहुधा अशाच एखाद्या पायरीवर असते. आणि हेही लक्षात घ्यावे, की रंग चढला तर चूक होण्याचा संभव कमी. न चढण्याला मात्र अनेक कारणे असू शकतात. 'नाही' हा शब्द नेहमीच 'आहे'पेक्षा अधिक तपासून घ्यायचा असतो.

आपल्या भागाच्या संदर्भात आणखी दोन गोष्टी नोंदवायला हव्यात. १९८७ साली बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली. बार्शीबरोबर परांडा आणि भूम हे मराठवाड्यातील तालुके तिच्यात होते. तोवर खेड्यातील बाईचा हा आजार कोणत्याही वहीत मोजला जात नव्हता. दुसरी गोष्ट टाटा रुग्णालयाचे डॉ. राजेंद्र बडवे यांच्या कामाची. शस्त्रक्रियेपूर्वी प्रोजेस्टेरॉनचे एकच इंजेक्शन दिल्याने काय होते, हे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १००० स्त्रियांवर तपासले आणि २०११ साली प्रसिद्ध केले. सर्व स्त्रियांचा एकत्र विचार करता फरक ठरण्याइतका नव्हता. पण काखेतील गाठींपर्यंत आजार पोचलेल्या स्त्रियांत, पाच वर्षे आजाराविना राहिलेल्यांचे प्रमाण इंजेक्शन घेतलेल्यांत ६५.३ टक्के, तर न घेतलेल्यांत ५४.७ टक्के होते. अशा उपगटातील निष्कर्षाला पुनर्तपासणीची गरज असते, हे मान्य करूनही, गरीब देशाला परवडेल असा प्रश्न विचारणे हे आम्हांला मोलाचे वाटते.

इतिहास येथे थांबलेला नाही. २०१३ साली असे दिसून आले, की संप्रेरक रोखणारे उपचार दीर्घकाळ चाललेल्या काही स्त्रियांच्या गाठींत ग्राहीच्या ५३७ किंवा ५३८ या स्थानचे अक्षर बदललेले असते. ही स्थाने झाकणाशी निगडित आहेत. बदलामुळे संप्रेरक नसतानाही झाकण बसलेलेच राहते. हाक न येताच ग्राही बोलत सुटतो. पुन्हा एक पाठभेद; आणि त्या पाठभेदासाठी निराळे औषध २०२३ साली अमेरिकेत मान्य झाले.

प्रारंभी सोडलेला प्रश्न आता घ्यायला हवा. संप्रेरक आणि ग्राही यांचे नाते समजावताना सर्रास कुलूप-किल्लीचे रूपक वापरतात. या रूपकाने आमचे पूर्ण समाधान होत नाही. किल्लीने कुलूप एक तर उघडते किंवा उघडत नाही. त्यात स्वयंपाकघर कोणाचे आहे याला महत्त्व नसते. ग्राहीच्या बाबतीत मात्र एकच किल्ली एका घरात दार उघडते आणि दुसऱ्या घरात तेच दार अडवते. याहून भाषेचे रूपक अधिक जवळचे आहे. आपल्या मीमांसकांनी आणि साहित्यशास्त्रकारांनी शब्दाच्या अर्थाचा विचार करताना प्रकरण, सान्निध्य, वक्ता यांना स्थान दिले. शब्द एकटा पूर्ण अर्थ सांगत नाही हे त्यांना ठाऊक होते. तरीही हे रूपक ताणू नये. जनुक काही सांगू इच्छीत नाही आणि ग्राहीला काही समजत नाही. 'अभिव्यक्ती' हा शब्द तेथे उसना आहे. मात्र वाचणारा माणूस खरा आहे. सूक्ष्मदर्शकाखाली तपकिरी रंग पाहून 'आहे' किंवा 'नाही' ठरवणारा तोच असतो, आणि वाचनाचे सारे नियम त्याला लागू होतात : मूळ प्रत नीट राखली होती का, प्रत करताना काही गळले का, आपण कोठे उंबरठा आखला, आणि शंका आली तर पुन्हा पाहण्याची तयारी आहे का.

आमच्या विद्यार्थ्याच्या आईचा ब्लॉक तिसऱ्यांदा तपासला गेला आणि ग्राही असल्याचे निश्चित झाले. तिला गोळी सुरू झाली. हा काही आमचा पराक्रम नव्हे. दोन कागद शेजारी ठेवून 'ह्यातला खरा कोणता' असे विचारणाऱ्या त्या मुलाचा तो होता. त्याने हा प्रश्न आमच्याच वर्गात शिकला असावा, असे मानण्याचा मोह आम्हांला होतो. तो मोह आवरून एवढेच म्हणतो, की पाठचिकित्सेचा तास कंटाळवाणा आहे अशी तक्रार करणाऱ्या विद्यार्थ्यांना सांगण्यासारखी एक गोष्ट आता आमच्याकडे आहे.